चिमटीतले रंग

माझे पेस्टलचे खडू एका जुन्या स्टीलच्या ताटात असतात. ताटाला उभी कड आहे, त्यामुळे ते घरंगळत नाहीत. त्यावर दुसरं ताट पालथं घालायचं आणि जोडी फ्रिजवर ठेवून द्यायची. कळव्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये त्यांच्यासाठी एवढीच जागा निघाली. दुपारी जेवणं आवरली, ओटा पुसला की ताट खाली उतरतं. कधी दहा मिनिटं मिळतात, कधी वीस. मग बेल वाजते, नळाला पाणी येतं, दूध वर येतं आणि ताट पुन्हा फ्रिजवर जातं. गेली बारा-तेरा वर्षं माझं चित्रकाम असं चाललं आहे. पेस्टल सोडून दुसऱ्या कशात ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या. स्मरणचित्राच्या पेपरात मिरवणूक किंवा बसथांबा आला की माझी माणसं ताठ उभी राहायची. घरातला प्रसंग आला की मात्र हात सुटायचा. जे. जे.ला जावं असं फार मनात होतं, पण पाठीवर दोन बहिणी होत्या. मी कॉमर्सला गेले, फोर्टातल्या एका कचेरीत लागले आणि पंचवीस वर्षं कळव्याहून स्लो लोकलनं व्हीटी गाठत राहिले. त्या पंचवीस वर्षांत रंगाला हात लावला नाही. २०११ साली सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या. घरात कोणीतरी असणं भाग होतं, म्हणून मी नोकरी सोडली. त्यांना कंबर धरून उठवायचं, औषधं द्यायची, जेवू घालायचं, आणि मधल्या वेळात काय करायचं हा प्रश्न होता. तेव्हा कुठे रंग आठवले.

आधी मोठ्या हौसेनं तैलरंगाच्या ट्यूबा आणल्या. सासूबाईंना दमा. टर्पेंटाइनची बाटली उघडली तशा त्या आतून म्हणाल्या, ‘अगं, काय सांडलंस? छाती भरून आली माझी.’ खिडक्या उघडून पाहिलं, गॅलरीत बसून पाहिलं. वास घरात येतच राहिला. चार दिवसांत ट्यूबा बांधून माळ्यावर टाकल्या. मग जलरंग घेतले. जलरंगाचा वॉश एकदा सुरू केला की तो ओला आहे तोवर हलता येत नाही. मी आभाळ भरायला घ्यावं आणि नेमकी त्यांना बाथरूमला न्यायची वेळ व्हावी. परत येऊन बघावं तर कागदावर वाळलेल्या कडा, नकाशावरच्या बेटांसारख्या. चिडून मी तो कागद फाडला होता, हे अजून आठवतं.

पेस्टल ठाण्यातल्या दुकानात हाताला लागलं ते अपघातानंच. दुकानदारानं बारा खडूंची पेटी पुढे केली. मला वाटलं, हे शाळेतलंच. आमच्या पिढीतल्या मराठी मुलांच्या हातात पेस्टल आलं ते बहुधा कॅम्लिनच्या खोक्यातून. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेली ही कंपनी, आणि दप्तरात त्यांचं काही ना काही असायचंच. पण ते तैलखडू. त्यात तेल आणि मेण असतं, कागदावर ते गुळगुळीत चिकटतात. दुकानातले हे खडू कोरडे होते. यात रंगाची पूड, थोडी चुन्यासारखी पांढरी माती आणि पूड एकत्र राहील इतपतच डिंक. दुकानात एक खडू मी बोटानं चोळला तर बोट निळं झालं. घरी येईपर्यंत पर्स, तिकीट, पदर, सगळीकडे निळं.

या खडूचा गुण मला लगेच कळला नाही. कळला तो आठवड्याभरानं. काढता काढता अर्ध्यावर उठले होते, दोन दिवस कागदाकडे बघायला झालं नाही, आणि तिसऱ्या दिवशी बसले तर चित्र जिथं सोडलं होतं तिथंच होतं. यात वाळायला काही नसतंच. भिजवायचं नाही, घोळायचं नाही, ब्रश धुवायचा नाही. सुचलेला रंग उचलायचा आणि लावायचा. उठायची वेळ आली तर हात पुसून उठायचं. घरातलं आयुष्य असंच तुकड्यातुकड्यानं चालतं, आणि ते काढणारी बाई त्याच घरातली असेल तर तिला तुकड्यातुकड्यानं चालणारं साधनच हवं. हे मला इतकं पटलं आहे की, कुणी घरच्या घरी चित्रं काढायची म्हणून विचारायला आलं तर मी आधी हाच खडू हातात देते.

माझ्याआधी अडीचशे वर्षं एका थोर माणसाला तैलरंगांपासून दूर व्हावं लागलं होतं, हे पुढे वाचनात आलं. पॅरिसचा शार्दँ. जन्म १६९९चा. राजे आणि देवदेवता सोडून त्यानं तांब्याची पातेली, पाणी भरणाऱ्या मोलकरणी, जेवणाआधी प्रार्थना म्हणणारी पोरं काढली. म्हातारपणी त्याचे डोळे गेले ते तैलरंगांतल्या शिशानं आणि तेलांनी, असं सांगतात. सत्तरी ओलांडल्यावर तो पेस्टलकडे वळला. १७७५मध्ये त्यानं स्वतःला काढलं आहे. कपाळावर उजेड अडवायची झापड, नाकावर चष्मा, डोक्याला बांधलेलं फडकं. घरात असतो तसाच म्हातारा. त्याच वर्षी बायकोलाही काढलं. पेस्टलमध्ये मात्र त्यानं चेहरेच काढले, स्वयंपाकघर काढलं नाही. याची मला अजून हळहळ वाटते.

आमच्याकडे उजेडाचं एक बरं आहे. गॅलरी पूर्वेला आहे. समोर रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे पारसिकचा डोंगर. सूर्य डोंगराच्या मागून वर येतो, त्यामुळे ठाण्यात सकाळ झाली तरी आमची गॅलरी सावलीतच असते. मग ऊन एकदम येतं आणि थेट ओट्यापर्यंत पोचतं. थंडीत ते ओट्यावरच्या डब्यांवर पंधरा-वीस मिनिटं थांबतं. त्या पंधरा मिनिटांसाठी मी डब्याचा डाळभात आधी उरकून ठेवायला शिकले.

स्टीलचे डबे काढायला मला फार दिवस लागले. पहिले सहा महिने मी करडा रंग लावत होते आणि डबे सिमेंटचे दिसत होते. स्टीलला स्वतःचा रंग नसतो, हे मला खडूनंच शिकवलं. एका सकाळी सासूबाई डाळिंबी काठाचं लुगडं नेसून ओट्याशी उभ्या होत्या, आणि साखरेच्या डब्यावर खालून वर डाळिंबी रंगाचा एक पट्टा चढला होता. त्याच्या शेजारी खिडकीची पांढरी फट, त्याखाली ओट्याच्या कडप्प्याचा काळा, आणि मधे कुठेतरी माझ्या गाऊनचा पिवळा ठिपका. करडा नव्हताच. पेस्टलमध्ये रंग ताटलीत मिसळता येत नाहीत, जवळजवळ रेघा ओढून डोळ्यांनी मिसळायचे असतात. मी डाळिंबी, काळा, पांढरा अशा उभ्या रेघा एकमेकींना खेटून ओढल्या, पुसल्या नाहीत, आणि मागे सरून पाहिलं तर डबा चमकत होता. त्या दिवशी भाजी लागली. हे काही बोलले नाहीत, खाल्ली.

कागदाचंही असंच. पांढऱ्या गुळगुळीत कागदावरून पूड घसरते. तिला धरून ठेवायला कागदाला दात लागतात. चांगले पेस्टल शीट महाग, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून सुतारकामाचा बारीक पॉलिश पेपर आणते. तो खडू खातो, आणि बोटानं चोळायला गेलं तर कातडीही सोलतो, पण रंगाचे थरावर थर धरून ठेवतो. एरवी तपकिरी किंवा मातकट कागद. त्याचा रंग मधला असतो, तो तसाच जागोजाग सोडला की कातडी, भिंत, गोणपाट आपोआप तयार होतात. गडद आधी, उजळ शेवटी. भाताची वाफ काढायची तर पांढरा खडू आडवा धरून हलकेच एकदा फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवला की धूर होतो.

खडू एकमेकांना लागून लवकरच मळतात, सगळे एकाच मातकट रंगाचे दिसू लागतात. त्यावर उपाय असा की डबीत कोरडे तांदूळ घालायचे, त्यात खडू टाकून डबी हलवायची. तांदूळ मळ घासून काढतात, खडू स्वच्छ होतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सासूबाईंनी आवाजावरून ओळखलं.

‘तांदूळ कशाला घेतलेस गं?’

‘आई, खडू साफ करतेय.’

‘आणि मग ते तांदूळ?’

मी गप्प. ते टाकूनच द्यायचे होते.

‘अन्न आहे ते,’ एवढंच म्हणाल्या. मला फार लाजल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांनीच तोड काढली. रवा चाळून उरलेला चाळ, किंवा किडलेला, खाण्याजोगा न राहिलेला कण्यांचा पुडा असेल तो वापर म्हणाल्या. तेव्हापासून कण्यांची बरणी वेगळी ठेवली आहे.

सासूबाई माझ्या चित्रांत सगळ्यांत जास्त आहेत. त्यांना नुसतं बसवून ठेवणं अशक्य होतं. ‘मी काय फोटोला बसू? हात रिकामे ठेवून बसले तर मेल्यासारखं वाटतं,’ म्हणायच्या. त्यामुळे मी त्यांना कामातच काढलं. मेथी निवडताना, लसूण सोलताना, दुधाचं बोट लावून फुलवातीचं टोक पिळताना, दुपारी लोळताना पायाच्या अंगठ्यानं पंख्याचं बटण दाबायचा प्रयत्न करताना. त्यांना काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसेनासं झालं होतं आणि मधलंही वर्षावर्षाला कमी होत होतं.

तांदूळ निवडण्याचं चित्र मी तीनदा काढलं. पहिलं पुरं झालं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. मांडीवर ताट, त्यात तांदळाचा उतार, मान खाली, नजर ताटात. शेजारच्या ताई बघून गेल्या, त्यांनाही आवडलं. सासूबाईंनी चित्र खिडकीशी नेऊन, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, तुकड्यातुकड्यानं पाहिलं. मग म्हणाल्या, ‘हात बरोबर आहे. अंगठ्यानं तांदूळ पुढे लोटते ना मी, ते बरोबर काढलंस. पण मी खाली कुठं बघते?’

मी म्हटलं, ‘निवडताना बघताच की.’

‘बघून निवडून किती वर्षं झाली. खडा हाताला लागतो. माझं तोंड गॅलरीकडे असतं.’

दुसऱ्या दिवशी मी खडू न घेता नुसती बसून पाहिलं. खरंच, ताट मांडीवर, बोटं भराभर चाललेली, आणि चेहरा वर, रुळांकडे. लोकल गेली की मान किंचित तिच्याबरोबर फिरायची. हे मी रोज पाहत होते आणि तरीही माझ्या हातानं मान खाली काढली, कारण तांदूळ निवडणाऱ्या बायका चित्रात खाली बघतात. ग्रेड परीक्षेच्या वयापासून हातात बसलेलं ते. तिसऱ्या चित्रात मान वर आली. आजही माझ्याकडे आहे ते.

त्यानंतर मी दुसऱ्यांची चित्रं वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. फ्रेंच चित्रकार देगानं आंघोळ करणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बायका काढल्या. त्यातल्या आंघोळीच्या कितीतरी पेस्टलमध्ये आहेत, आणि खडूच्या रेघांना त्याच्याइतका जोर कुणाच्याच हातात नसेल. पण तो दाराबाहेर उभा आहे असं मला प्रत्येक वेळी वाटतं. त्याच्याच बरोबरीनं प्रदर्शनं केलेली मेरी कसॅट, अमेरिकेहून पॅरिसला येऊन राहिलेली, तिच्या पेस्टलमधली पोरं आईच्या कडेवर खरोखर जड होतात. आईची कंबर त्या वजनानं एका बाजूला गेलेली असते. ती कंबर तिनं जवळून पाहिलेली आहे. तिला स्वतःचं मूल नव्हतं, तरी पाहिलेली आहे. दोघांचेही डोळे उतारवयात अधू झाले, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

माझी भाची लंडनला असते. २०२३च्या डिसेंबरात तिनं तिथल्या नॅशनल गॅलरीतून फोटो पाठवले. ‘मामी, हे तुझ्यासाठी,’ असं लिहून. लिओतार नावाच्या चित्रकाराचं १७५४चं पेस्टल होतं, लिआँमधल्या एका कुटुंबाची न्याहारी. एक बाई आणि एक लहान मुलगी टेबलाशी. मुलीच्या केसांना कुरळे करण्यासाठी कागदाचे तुकडे गुंडाळलेले, म्हणजे अजून बाहेर जायची तयारी झालेली नाही. ती दूध घातलेल्या कॉफीत काहीतरी बुडवते आहे, आणि सगळं लक्ष त्या बुडवण्यात. आपल्याकडे खारी चहात बुडवताना मूल जसं श्वास धरतं, मोडून पडेल म्हणून, अगदी तसं. आणि शेजारी धातूची चकचकीत किटली! मी फोटो मोठा करकरून किटलीच बघत राहिले. करडा कुठेच नाही.

लिओतारनं हेच चित्र जवळजवळ वीस वर्षांनी, १७७३मध्ये, तैलरंगात पुन्हा केलं, आणि भाची गेली तेव्हा दोन्ही शेजारीशेजारी लावली होती. भाची म्हणाली, आधी फरकच कळत नव्हता, मग पेस्टलमधल्या मुलीचा गाल जास्त खरा वाटायला लागला. मी फोटोवरून काय सांगणार. पण कारण असू शकतं ते मला माहीत आहे. तैलरंगावर तेलाचा पापुद्रा असतो, उजेड त्यावर घसरतो. पेस्टलची पूड उघडी असते, लाख कणांवर पडून उजेड चहूकडे विखुरतो. पावडर लावलेल्या बाळाच्या गालावर होतं तेच.

आपल्याकडे पेस्टलची अशी परंपरा फार ठळक नाही, घरगुती विषयांची मात्र आहे. हळदणकरांचं समई घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र कॅलेंडरवरून घरोघरी पोचलं. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. ती मुलगी म्हणजे त्यांचीच लेक, गीता. दिवाळीचे दिवस, आईची साडी, हातातला दिवा आणि बोटांच्या फटींतून येणारा उजेड. बाप घरात नजर उघडी ठेवून वावरत होता म्हणून ते दिसलं.

आणि आमच्या ठाण्याचे सुधीर पटवर्धन. ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी इथलीच माणसं, इथल्याच इमारती, नाले, चाळी, पोखरण, उल्हासनगर मोठमोठ्या कॅनव्हासवर आणले. २०१९च्या अखेरीस मुंबईत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन होतं. सासूबाईंना बहिणीकडे सोपवून मी एक दिवस गेले. त्या चित्रांतली माणसं माझ्याबरोबर लोकलमध्ये उभी असलेली होती. त्या चित्रांचं माप दहा दहा फुटांचं, माझ्या ताटातल्या खडूंशी त्याची तुलनाच नको. पण परतीच्या गाडीत खाडीच्या पुलावर आले, समोर कळव्याच्या इमारती आणि मागे पारसिक दिसला, आणि यातलं काहीच चित्राबाहेर टाकण्यासारखं नाही असं पहिल्यांदा शांतपणे वाटलं.

पेस्टलचा दोष सांगायलाच हवा. ते टिकवणं जिकिरीचं. वरून फवारा मारून बसवता येतं, पण फवाऱ्यानं रंग काळवंडतात, उजेड मरतो. शिवाय त्या फवाऱ्याच्या वासानं पुन्हा दमा. म्हणून माझी चित्रं कच्चीच राहिली, ट्रेसिंग पेपर घालून गादीखाली. एकदा हिय्या करून तीन चित्रं फ्रेम करायला दिली. काच आणि चित्र यांच्यामध्ये फट सोडा, जाड पुठ्ठ्याचं माउंट घाला, असं मी बजावलं होतं. फ्रेमवाल्यानं काच थेट कागदावर दाबून बसवली. जुलै आला. कळव्यात खाडीची दमट हवा, भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. ऑगस्टमध्ये मी फ्रेम उघडली तर मेथी निवडणाऱ्या सासूबाई अर्ध्या कागदावर आणि अर्ध्या काचेवर, उलट्या. कागदावरच्या अर्ध्या भागाला पांढरे ठिपके. मी तिथंच फरशीवर बसून रडले. ते चित्र गेलंच. उरलेली दोन आता माउंट घालून भिंतीवर आहेत, आणि गाड्या जातात तसे त्यांच्यातून कण पडतात. पाचव्या-सहाव्या मार्गिका २०२२ साली सुरू झाल्यावर गाड्याही वाढल्या. फ्रेमच्या आतल्या खालच्या कडेला रंगाची एक बारीक रेघ साचली आहे, निळसर. दरवर्षी ती केसभर जाड होते.

सासूबाई २०२१ला गेल्या. त्याआधीचा एक चैत्र सांगायचा आहे, २०१९चा.

त्यांचं माहेर वाईचं. चैत्रगौर बसली की महिनाभर रोज सकाळी दारात चैत्रांगण घालायचं, अक्षय्य तृतीयेपर्यंत. पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, गाय-वासरू, हत्ती, कासव, शंख, कमळ, करंडा, फणी, आंब्याची डहाळी. अख्खं घर आणि घराबाहेरचं जग एका चौकोनात. कळव्यातही त्या दाराबाहेरच्या दोन फरश्यांवर घालत आल्या होत्या. पडल्यापासून वाकता येईना, तेव्हा ते बंद झालं. मी घालते म्हटलं तर माझ्या गाईचे पाय मोजून त्यांनी सांगितलं, राहू दे.

त्या वर्षी मी घडीचं टेबल त्यांच्या खुर्चीसमोर मांडलं, त्यावर मोठा गडद तपकिरी कागद पसरला आणि म्हटलं, ‘आई, इथं घाला.’ रांगोळीचा डबा दिला. दोन रेघा झाल्या तोच गाडी गेली, टेबल थरथरलं, शिरगोळ्याचे दाणे कागदावरून घरंगळले. मग मी माझा पांढरा खडू त्यांच्या हातात दिला. परदेशी, चांगला, जपून वापरायचा. त्यांनी तो पेन्सिलीसारखा धरून पाहिला, ठेवून दिला.

‘हा दगड कसा फिरवू? पूड दे.’

‘पूड नाही, आई.’

‘खल कुठे आहे?’

लहान खलात, वेलदोड्याच्या, तो खडू त्यांनी स्वतः कुटला. मला बघवेना. पण ती पूड चिमटीतून सुटली आणि कागदाच्या दातांत बसली. गाडी गेली, रेघ हलली नाही. डाव्या हाताचं बोट शेवटच्या रेघेच्या टोकावर ठेवायचं, म्हणजे पुढची कुठून सुरू करायची ते कळतं, असं करत त्या चालल्या होत्या. डोळे गॅलरीकडे. गौर झाली, पाळण्याच्या दोऱ्या झाल्या, हत्तीची सोंड एका दमात झाली. करंडा काढताना त्याच्या झाकणाची कडी विसरल्या आणि पुन्हा चाचपून नेमक्या जागी आल्या. मी इतकी वर्षं खडूनं पूड कागदावर घासत होते. त्यांनी नुसती सोडली.

मी म्हटलं, ‘गुणवंत मांजरेकरांच्या रांगोळ्या लोक प्रदर्शनात बघतात, आई. हीही ठेवू या. मी फवारा मारते, तुम्ही तेवढा वेळ आत बसा.’

‘मांजरेकरांची बघायची रांगोळी. ही घालायची. आज ठेवलीस तर उद्याची कुठं घालू?’

संध्याकाळी हळदीकुंकू झालं, आंबेडाळ आणि पन्हं झालं, शेजारच्या पोरींनी कागदावर वाकून हत्ती शोधला. सकाळी त्यांनी कागद मधोमध दुमडायला लावला. मी तो गॅलरीत नेऊन तुळशीच्या कुंडीत झटकला आणि पुन्हा टेबलावर पसरला. असं महिनाभर. माझे पांढरे खडू चार संपले, मग मी दुकानातून सुट्टे आणले.

झटकूनही थोडं राहायचंच. दाताच्या कागदाचा तो गुणच आहे. दहाव्या-बाराव्या दिवसापासून नव्या रेघांखाली जुन्यांची छाया दिसायला लागली, एका गाईमागे सात-आठ गाई उभ्या असल्यासारखी. अक्षय्य तृतीयेला शेवटचं घालून झालं. दुसऱ्या दिवशी झटकलेला कागद मी घडी घालून ठेवायला निघाले तर म्हणाल्या, ‘कपाटात कशाला? चांगला आहे अजून. काढ त्याच्यावर तुझं काय ते.’

तांदळाचं तिसरं चित्र मी त्याच कागदावर काढलं. वर केलेला चेहरा, मांडीवरचं ताट, भराभर चाललेली बोटं. मागची भिंत रंगवली नाही.